ढालीबाहेर राहिलेला हात
अंगावर काही येतंय असं दिसलं की आपण विचार न करता हात आडवा घालतो. वार अडतो, पण फटका बसतो तो करंगळीच्या बाजूने कोपरापासून मनगटापर्यंत गेलेल्या अल्ना या हाडाला. त्याच्यावर मांस जवळजवळ नाहीच. बोट फिरवून बघा, हाड थेट हाताला लागतं.

रोमन सैनिकाचा डावा हात ढालीमागे असे. तलवारीचा उजवा हात मात्र वार करताना बाहेर यायचाच. इ.स. 101 ते 106 या काळात सम्राट ट्राजनने आजच्या रुमानियाच्या भागात राहणाऱ्या डेशियन लोकांशी दोन युद्धं केली. डेशियनांचं ‘फाल्क्स’ हे हत्यार म्हणजे विळ्यासारखं आत वळलेलं पातं, आणि बाहेर आलेल्या उजव्या हाताला धोका त्याचाच. आजच्या रुमानियातल्या अ‍ॅडमक्लिसीच्या विजयस्मारकावर कोरलेल्या रोमन सैनिकांच्या उजव्या हातावर पट्ट्यापट्ट्यांचं चिलखत दिसतं. त्याचं नाव मॅनिका. स्कॉटलंडमधल्या ट्रायमोंशियम किल्ल्यात 1906 साली असंच एक पितळी मॅनिका सापडलं, तेही चुराडा होऊन. शंभराहून जास्त तुकडे जुळवून त्याला पुन्हा हाताचा आकार मिळाला तो थेट 2024 मध्ये.

अखंड नळी घातली तर कोपर वाकणार कसं? म्हणून अरुंद पट्ट्या माशाच्या खवल्यांसारख्या एकमेकींवर चढवून आतून चामड्याच्या बंदांनी जोडायच्या. प्रत्येक पट्टी गोलाकार, हे महत्त्वाचं. सपाट कागद एका टोकाला धरला तर लोंबतो, पन्हळीसारखा वळवला तर ताठ राहतो. पत्र्याचंही तसंच. शिवाय गोलाईवरून धार घसरते आणि वाराचा सगळा जोर एका जागी उतरत नाही.

खरी अडचण वजनाची. खांद्यापासून 30 सेंटिमीटरवर बांधलेलं अर्धा किलो वजन 60 सेंटिमीटरवर नेलं, तर हात फिरवताना ते चौपट विरोध करतं, कारण इथे अंतराचा वर्ग मोजावा लागतो. म्हणजे जिथे संरक्षण सगळ्यात जास्त हवं, त्या मनगटाकडेच लोखंड सगळ्यात महाग पडतं.

आपल्या दांडपट्ट्याने यातून वेगळीच वाट काढली, आणि मला ती फार आवडते. त्याची मूठच पोलादी हातमोज्यासारखी. हात आत घातला की बोटांपासून निम्म्या हातापर्यंत सगळं झाकलं जातं. बदल्यात मनगट जखडतं, म्हणून पट्टा फिरतो तो कोपर आणि खांद्यातून.

फ्रेंचमध्ये हाताच्या चिलखताला ‘ब्रासार’ म्हणतात, आणि दंडावरच्या कापडी पट्टीलाही तेच. ही पट्टी कुठलाच वार अडवत नाही. माणूस कोण आहे एवढंच ती सांगते. 1864 च्या जिनिव्हा कराराने वैद्यकीय पथकांना पांढऱ्यावर लाल क्रॉस असलेली पट्टी दिली. 1949 च्या करारात तर तपशीलही आहेत: ती डाव्या दंडावर हवी, पाण्याने खराब न होणारी हवी आणि तिच्यावर लष्करी अधिकाऱ्यांचा शिक्का हवा.