सापावरचे माइट

सापावरचे माइट म्हणजे पाळलेल्या सापांच्या अंगावर रक्त पिऊन जगणारे बारीक परजीवी, शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. लोक सरसकट किडे म्हणतात पण हे कीटक नव्हेत, गोचीड आणि कोळ्यांच्या भाऊबंदातले आहेत, अंड्यातून निघताना सहा पाय आणि नंतर आठ. उपाशी मादी जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची, फिकट, पटकन नजरेत न येणारी. रक्त प्यायली की फुगून काळी होते, मोहरीपेक्षा लहान, आणि पाळणाऱ्याला पहिल्यांदा दिसते ती बहुतेक वेळा हीच.

मूळ कुठलं यावर एकमत नाही. जातीचं वर्णन १८४४ साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ जेर्व्हे याने केलं, आणि नॅट्रिसिस हे नाव नॅट्रिक्स या सापांच्या प्रजातीवरून आलंय, युरोपातला गवत्या साप त्यातलाच. त्यामुळे हा माइट युरोपातला असं वाटणं साहजिक आहे, पण पहिलं वर्णन कशावरून झालं एवढ्यावरून मूळ घर ठरत नाही. दुसरं मत असं की तो आफ्रिकेतला, आणि बॉल पायथनसारख्या सापांच्या व्यापारातून जगभर पोचला. बऱ्याचशा नोंदी पिंजऱ्यातल्या सापांवरच्याच आहेत, मोकळ्या रानातल्या तुलनेने कमी, हे बघता दुसरं मत जास्त पटतं. मध्यंतरी हर्स्ट नावाच्या संशोधकाने सर्पेंटियम नावाची वेगळी जाती सांगितली होती, ती आता याच जातीत धरतात, त्यामुळे जुन्या लिखाणात ते नाव दिसलं तर गोंधळू नये.

जीवनक्रमाची सगळ्यात बारीक माहिती कॅमिन या संशोधकाच्या १९५३ च्या अभ्यासातून येते आणि नंतरच्यांनी बहुतेक तिच्यावरच भर घातलीय. अंडं, अळी, पहिली निम्फ (म्हणजे अळी आणि प्रौढ यांच्यामधली अर्धवट वाढ), दुसरी निम्फ आणि प्रौढ अशा पाच अवस्था, पण रक्त पितात फक्त पहिली निम्फ आणि प्रौढ, बाकीच्या अवस्था पिंजऱ्याच्या फटीत, भुशात, लाकडाखाली दडून असतात. मादी पोट भरलं की सापावरून उतरते, वर चढत जाते आणि काळोखी, दमट फट शोधून अंडी घालते, आयुष्यात साधारण ६० ते ८०. नराशी संबंध आला नाही तरी अंडी घालते, त्यातून नर निघतात. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण फेरा दोन ते तीन आठवड्यांचा. म्हणजे सापावर दिसतात ते थोडेच, खरी वस्ती पिंजऱ्यात, आणि नुसता साप धुऊन समाधान मानणारे इथेच फसतात.

ओळख पटवायची तर साप पाण्याच्या भांड्यात तासन्तास पडून राहतोय का ते बघावं आणि तळाशी काळे ठिपके बुडालेत का तेही बघावं. डोळ्याच्या कडेचा खवला किंचित उचललेला, त्याखाली काळा ठिपका, हनुवटीखालच्या खाचेत आणखी दोन-तीन. अंगावर पांढरी धूळ उडाल्यासारखी दिसते ती माइटची विष्ठा. ओल्या पांढऱ्या टिश्यूतून साप हलकेच सरकू द्यावा, ठिपका चालायला लागला आणि चिरडल्यावर लाल डाग उमटला की शंका उरत नाही. कात तुकड्या-तुकड्याने निघणं, खाणं सोडणं, लहान पिल्लांत रक्त कमी होणं हे पुढचे परिणाम.

रोग पसरवण्याबद्दल जपून बोलावं लागतं. एरोमोनास जिवाणू माइटमधून सापाला जातात हे कॅमिनने १९४८ मध्येच मांडलं होतं. अजगर आणि बोआ सापांतल्या इन्क्लुजन बॉडी डिसीज या रोगाचा संबंध २०१२ पासून अरेनाव्हायरस या विषाणूंशी जोडला जातो, त्यात माइटचा हात असावा असा दाट संशय आहे, पण संशयच.

उपाय दोन्हीकडे एकदम करावा लागतो. साप कोमट पाण्यात ठेवला, डोकं अर्थातच वर, की अंगावरचे बरेच बुडतात पण डोक्यावरचे वाचतात. पिंजऱ्यातलं सगळं काढून तळाला साधा कागद घालायचा, भुसा फेकायचा, लाकूड तापवायचं किंवा टाकून द्यायचं (५० अंशांच्या वर माइट टिकत नाहीत), फटी गरम पाण्याने घासायच्या. औषधांत फिप्रोनिल कापडावर घेऊन पुसतात, थेट फवारत नाहीत. परमेथ्रिन पिंजऱ्याला मारून पूर्ण वाळल्यावरच साप आत सोडायचा, घरात मांजर किंवा मासे असतील तर ते वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे कारण दोघांनाही ते विषारी. आयव्हरमेक्टिन सरपटणाऱ्यांच्या डॉक्टरकडूनच घ्यावं, आणि घरात कासव असेल तर त्याच्या जवळपासही नको, कासव मरतं. कुठलंही औषध एकदा मारून थांबलं की दडलेली अंडी फुटून सगळं परत सुरू, म्हणून साप बरा दिसत असला तरी दीड-दोन महिने उपायाच्या फेऱ्या चालू ठेवाव्या लागतात.

औषध नको असेल तर स्ट्रॅटिओलेलॅप्स सिमिटस हे शिकारी माइट भुशात सोडतात, ते सापाला त्रास न देता रक्तपित्या माइटना खातात, खाणं संपलं की आपोआप कमी होतात. पण आधी परमेथ्रिन मारलं असेल तर हे सोडून उपयोग नाही, त्या फवाऱ्याने तेही मरतात.