फेरारीतला टर्बो, पिकअपमधला टर्बो

आमच्याकडची पोरं फेरारी पाहतात ती मोबाइलवर. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो मात्र त्यांनी हातात धरलेला असतो. तालुक्याच्या डिझेल गॅरेजात बोलेरो पिकअपचा उतरवलेला टर्बो कधी ना कधी बाकड्यावर येतोच. गोगलगायीच्या शंखासारखी दोन घरं पाठीला पाठ लावून जोडलेली, एक बिडाचं, जळून काळंठिक्कर पडलेलं, दुसरं ॲल्युमिनियमचं. आत एकच दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना मुठीत मावेल एवढं पात्यांचं चाक. मिस्त्री दांड्याचं टोक दोन बोटांत धरून वरखाली हलवतो आणि खेळ जास्त लागला की म्हणतो, "गेला भाऊ हा. ऑइल टायमावर बदललं नाही, अन् गाडी थांबली की लगेच चावी काढून राहिले तुम्ही." त्याचं म्हणणं बरोबर असतं. तापलेल्या टर्बोला ऑइल मिळणं एकदम थांबलं की आत उरलेलं ऑइल करपतं आणि बेअरिंगला चिकटतं.

कोट्यवधींच्या स्पोर्ट्स कारमधला टर्बो याच जातीचा. धातू महाग, घडण बारीक, पण तत्त्व तेच. इंधनातल्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग धुरावाटे वाया जातो. बाहेर पडणारा हा गरम धूर बिडाच्या घरातलं चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं पलीकडचं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. वेग मिनिटाला लाख फेऱ्यांच्याही वर. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचं पेटंट घेतलं ते 1905 मध्ये.

हवेसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण एक किलो पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे, त्याच्या जोडीची हवा आणणं कठीण. बिनटर्बोच्या इंजिनात, ज्याला नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणतात, पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढीच. गावातली स्प्लेंडर आणि बुलेट याच प्रकारच्या. अशा इंजिनातून जास्त ताकद काढायची तर सिलिंडर मोठे करा, नाहीतर फेरे वाढवा. फेरारी 458 इटालियाने दोन्ही केलं. 4.5 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, 9,000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, 570 अश्वशक्ती. हिशोब करून पाहा. दर दोन फेऱ्यांत एकदा 4.5 लिटर हवा आत जाते, म्हणजे 9,000 फेऱ्यांना मिनिटाला सुमारे 20 हजार लिटर. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा हे इंजिन दीड मिनिटाच्या आत पिऊन टाकेल.

2015 मध्ये तिच्या जागी 488 जीटीबी आली. इंजिन 3.9 लिटरचं, म्हणजे लहान, पण दोन टर्बो लावलेलं. ताकद 670 अश्वशक्ती. खरा फरक टॉर्कमध्ये आहे. टॉर्क म्हणजे चाकाला पीळ देणारा जोर. 458 चा सर्वाधिक टॉर्क 540 न्यूटन-मीटर, तोही 6,000 आरपीएमला. 488 चा 760, आणि तो 3,000 लाच हजर. समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 ची मर्यादा आहे. तिथे वरच्या गिअरमध्ये जाताना 458 आपल्या ताकदीच्या जवळपासही पोचत नाही, 488 मात्र पाय दाबला की उचलते. आकड्यांवर भांडण लावलं तर टर्बो जिंकतो, यात मला शंका नाही.

तरीही बिनटर्बो इंजिनासाठी जीव तुटणारे लोक वेडे नाहीत. मीही त्यांच्यातलाच. टर्बोला फिरायला आधी धूर हवा, धूर यायला आधी इंधन जळायला हवं. म्हणून पाय दाबणं आणि जोर येणं यात अंतर पडतं. 1975 च्या पोर्शे 911 टर्बोमध्ये हे अंतर एवढं होतं की वळणात दिलेली रेस वळण सुटता सुटता एकदम अंगावर यायची. नंतर टर्बोची चाकं हलकी झाली, एकाच्या जागी दोन छोटे टर्बो आले आणि 2006 च्या 911 टर्बोत तर धुराची वाट कमीजास्त करणारी हलती पाती आली. आज हे अंतर बरंचसं मिटलंय. पण जोर वाढण्याची रीत निराळीच राहिली. बिनटर्बोत फेरे वाढतात तसतसा जोर चढत जातो आणि पायाला त्याचा अंदाज येत राहतो. टर्बोत तो खालीच सपाट येऊन बसतो.

हे फेरारीलाही ठाऊक होतं. 488 मध्ये पूर्ण 760 न्यूटन-मीटर फक्त सातव्या गिअरला मिळतात. खालच्या गिअरांत कॉम्प्युटर टॉर्क मुद्दाम रोखून धरतो, जेणेकरून फेऱ्यांबरोबर जोर चढत गेल्यासारखा वाटावा. हातात असलेला जोर दाबून ठेवून बिनटर्बोची नक्कल करावी लागली, याहून मोठी पावती मला माहीत नाही. पोर्शेनेही साध्या 911 ला टर्बो दिला, पण 911 च्याच जीटी3 या प्रकारातलं चार लिटरचं, 9,000 पर्यंत फिरणारं इंजिन बिनटर्बोच ठेवलं. आवाजाचंही तसंच. धुराच्या वाटेत चाक आडवं आलं की स्वर त्यातच अडकतो आणि मागे उरते शिट्टी.

आता आपल्या उन्हाचं. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे 45 अंश, डिसेंबरच्या पहाटे 10. तेवढ्या फरकाने हवा सुमारे 11 टक्के पातळ होते. दर घनमीटरमागे जवळपास 140 ग्रॅम हवा कमी. बिनटर्बो इंजिनाची ताकद त्यामुळे घटते. अगदी 11 टक्के नाही, कारण थंड हवासुद्धा इंजिनात शिरताना तापतेच. टर्बो जास्त फिरून ही तूट भरून काढेल असं वाटतं, पण हवा दाबली की तापते. 45 अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली की 140 अंशांच्या आसपास जाते. इंटरकूलर ती थंड करतो, पण बाहेरच्याच हवेने, म्हणजे 45 च्या खाली कधीच नाही. एवढी गरम हवा पेट्रोलबरोबर आत गेली की मिश्रण अवेळी पेटून इंजिन खटखट वाजायला लागतं. ते टाळायला कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो, दाब उतरवतो, आणि ताकद जाते. याच भीतीने 458 मधलं 12.5 चं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, 488 मध्ये 9.4 वर आणलं गेलं.

उंचीवर मात्र टर्बोला तोड नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला, सुमारे 1,100 मीटरवर चढल्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा बारा टक्क्यांच्या आसपास कमी असतो, पण हवा थंडही होते. तिथे टर्बो तूट सहज भरतो आणि माल भरलेली पिकअप घाट चढते. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने 1918 मध्ये विमानाचं इंजिन चार हजार मीटरहून उंच पाइक्स पीक या शिखरावर नेऊन हेच सिद्ध केलं होतं.

2024 मध्ये दोन्ही वाटा समोरासमोर आल्या. लॅम्बोर्गिनीने हुराकानचं बिनटर्बो दहा सिलिंडरचं इंजिन सोडून टेमेरारियोत दोन टर्बोंचं आठ सिलिंडरचं इंजिन आणलं. ते 10,000 आरपीएमपर्यंत जातं, आणि टर्बो जागा होईपर्यंतचं अंतर विजेच्या मोटरी भरून काढतात. त्याच वर्षी फेरारीने डोडिची चिलिंद्री आणली: 6.5 लिटर, बारा सिलिंडर, 830 अश्वशक्ती, टर्बोही नाही आणि मोटरही नाही. टेमेरारियोतली युक्ती पुढे स्वस्त होऊन साध्या गाड्यांत उतरेल असं मला वाटतं, आणि ती उतरावी अशी माझी इच्छाही आहे. फेरारीचं ते इंजिन तसं कुठे उतरणार नाही, पण ते बनत राहावं.