ताजमधलं 'आर्किटेक्टचं भूत': खरं काय?

कामानिमित्त मुंबईत मुक्कामाला आलेल्या माणसाला ही गोष्ट कुणी ना कुणी ऐकवतंच: ताज हॉटेल चुकून उलटं, म्हणजे समुद्राकडे पाठ करून बांधलं गेलं, म्हणून गोऱ्या आर्किटेक्टने वरून उडी मारली आणि जुन्या इमारतीत तो आजही फिरतो. मुळात चूकच झालेली नव्हती. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम चालू असतानाच वैद्य वारले, पुढे इंग्रज इंजिनियर डब्ल्यू. ए. चेंबर्सनी ते पूर्ण केलं. या भुतापायी आपल्या वैद्यांचं नाव मागे पडलं, याचं फार वाईट वाटतं. १९०३ साली हॉटेल उघडलं तेव्हा मुख्य दार मुद्दाम शहराच्या बाजूला होतं, आज पोहण्याचा तलाव आहे तिथे. आणि समोरचं गेटवे? ते तर १९२४ चं, हॉटेल उघडलं तेव्हा नव्हतंच!