कॅलिफोर्नियातील कामगार भरपाई : अर्ज, कागदपत्रे आणि खोट्या माहितीचे परिणाम

कॅलिफोर्नियात काम करताना किंवा कामामुळे इजा झाली, तर ‘वर्कर्स कॉम्पेन्सेशन’ म्हणजे कामगार भरपाई मिळण्यासाठी चूक कोणाची होती हे पाहिले जात नाही. नोकरीचा पहिला दिवस असो वा काम अर्धवेळ असो, कर्मचारी म्हणून कामावर असलेली व्यक्ती पात्र ठरते, आणि तिच्या व्हिसाच्या स्थितीमुळे हा हक्क जात नाही. गोदामात पेटी उचलताना भरलेली पाठ जशी यात येते, तसेच वर्षानुवर्षे कीबोर्डवर काम करून दुखावलेले मनगटही येते. त्यामुळे महाराष्ट्रातून येऊन बे एरियातील संगणक कंपन्यांत काम करणाऱ्यांनीही हा कायदा आपल्यासाठी नाही असे समजू नये. भरपाईत उपचारांचा खर्च, कामावर जाता येत नसेल त्या काळाचा भत्ता आणि कायमचे अपंगत्व राहिल्यास त्याची रक्कम यांचा समावेश असतो. तात्पुरत्या अक्षमतेचा भत्ता साधारणपणे आठवड्याच्या सरासरी पगाराच्या दोन-तृतीयांश असतो. त्याला कमाल मर्यादा आहे, आणि बहुतेक इजांसाठी तो इजेच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत जास्तीत जास्त १०४ आठवडे मिळतो.

इजेची सूचना मालकाला ३० दिवसांच्या आत लेखी द्यावी. सूचना मिळाल्यावर एका कामकाजाच्या दिवसात मालकाने ‘डीडब्ल्यूसी-१’ हा दाव्याचा फॉर्म कर्मचाऱ्याला द्यायचा असतो. फॉर्ममधील कर्मचाऱ्याचा भाग भरून, सही करून, तारीख घालून तो मालकाकडे परत द्यावा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. फॉर्म दिल्यानंतर एका कामकाजाच्या दिवसात मालकाने उपचारांना मंजुरी द्यावी लागते, आणि दाव्यावर निर्णय होईपर्यंत १०,००० डॉलरपर्यंतच्या उपचारांचा खर्च मालकाच्या विमा कंपनीकडून होतो. फॉर्म दिल्यापासून ९० दिवसांत दावा फेटाळला गेला नाही, तर इजा भरपाईस पात्र आहे असे कायदा गृहीत धरतो. दावा फेटाळला गेला तर वर्कर्स कॉम्पेन्सेशन अपील्स बोर्डाकडे अर्ज करता येतो. त्यासाठीची मुदत सर्वसाधारणपणे इजेपासून एक वर्षाची असते, म्हणून फेटाळल्याचे पत्र हाती आल्यावर चालढकल करू नये.

कागदपत्रांत फॉर्मची प्रत, डॉक्टरांचे अहवाल, पगाराच्या पावत्या, साक्षीदार सहकाऱ्यांची नावे आणि दवाखान्यात जाण्यायेण्याच्या मैलांची नोंद असावी. यांच्या बरोबरीने, कोणी मागितली नसली तरी, आधीच्या सर्व इजांची आणि उपचारांची यादी तारखांसह करून ठेवावी. भारतात घेतलेले उपचारही त्यात लिहावेत. या यादीवर मी भर देतो, कारण प्रामाणिक माणूस गुन्ह्याच्या चौकशीत अडकण्याची वाट बहुधा इथूनच सुरू होते.

डीडब्ल्यूसी-१ फॉर्मवरच इशारा छापलेला असतो की, भरपाई मिळवण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी जाणूनबुजून खोटे आणि महत्त्वाचे विधान करणे हा गंभीर गुन्हा, म्हणजे ‘फेलनी’ आहे. त्यामागे राज्याच्या विमा संहितेचे कलम १८७१.४ आहे. या कलमाखाली दोष सिद्ध होण्यासाठी विधान खोटे असणे पुरेसे नसते. ते खोटे असल्याचे बोलणाऱ्याला माहीत असले पाहिजे, दाव्याच्या निर्णयाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे असले पाहिजे आणि लाभ मिळवण्याच्या किंवा नाकारण्याच्या हेतूने केलेले असले पाहिजे. तारीख आठवली नाही, डॉक्टरांशी मतभेद झाला किंवा दावा फेटाळला गेला, एवढ्याने कोणी गुन्हेगार ठरत नाही.

आता एक नेहमीचे उदाहरण घ्या. दहा वर्षांपूर्वी पुण्यात जिन्यावरून पाय घसरला, कंबर धरली, महिनाभर फिजिओथेरपी घेतली आणि माणूस बरा झाला. आज कामावर तीच कंबर दुखावली, आणि डॉक्टरांच्या प्रश्नावलीत विचारले आहे की पूर्वी पाठीचा किंवा कमरेचा त्रास होता का. जुनी गोष्ट सांगितली तर दावा बुडेल या भीतीने ‘नाही’ लिहिले जाते. पुढे वकिलांसमोर शपथेवर होणाऱ्या जबानीत, म्हणजे डिपॉझिशनमध्ये, तेच उत्तर पुन्हा दिले जाते, आणि मग जुने वैद्यकीय कागद समोर येतात. वास्तविक जुन्या दुखण्यामुळे दावा बुडत नाही. कायम अपंगत्वाचा किती वाटा आताच्या इजेमुळे आणि किती आधीच्या कारणांमुळे आहे, याची वाटणी डॉक्टर करतात, आणि कमी होते ती तेवढीच रक्कम. उपचारांचा खर्च आणि तात्पुरता भत्ता यांना ही वाटणी लागूच होत नाही. म्हणजे खरे सांगण्याने एका लाभाचा काही भाग जातो, आणि लपवण्याने सगळ्याच लाभांवर पाणी सोडण्याची वेळ येऊ शकते. इंग्रजीत अडचण वाटत असेल, तर जबानीसाठी आणि वैद्यकीय तपासणीसाठी मराठी दुभाषा मागावा. त्याचा खर्च कर्मचाऱ्यावर पडत नाही. जबानीची लिखित प्रत वाचून दुरुस्त करण्याची मुभाही असते आणि ती वापरावी.

भत्ता घेत असताना दुसरीकडे रोखीने काम करणे आणि ते लपवणे, हा दुसरा नेहमीचा प्रकार. विमा कंपन्यांना स्वतःचे विशेष तपास पथक ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. हे पथक वैद्यकीय नोंदी तपासते, समाजमाध्यमे पाहते आणि सार्वजनिक जागी चित्रीकरणही करते. संशयाला आधार सापडला की प्रकरण राज्याच्या विमा विभागाच्या फसवणूक शाखेकडे आणि त्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) डिस्ट्रिक्ट अॅटर्नीकडे, म्हणजे सरकारी फौजदारी वकिलाकडे, जाते. खटला भरायचा की नाही हे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी ठरवतात, विमा कंपनी नव्हे. दोषी ठरल्यास एक वर्षापर्यंत काउंटी तुरुंगवास किंवा दोन, तीन अथवा पाच वर्षांची कैद होऊ शकते. दंड १,५०,००० डॉलर किंवा फसवणुकीच्या रकमेच्या दुप्पट, यांपैकी जे जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो, आणि कैद व दंड दोन्हीही होऊ शकतात. शिवाय घेतलेल्या पैशांची परतफेड करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावाच लागतो, आणि त्यात वैद्यकीय तपासण्या व उपचारांचा खर्चही धरला जातो.

लाभांचे काय होते, ते कलम १८७१.५ सांगते : दोषी ठरलेल्या व्यक्तीला फसवणुकीतून मिळालेली किंवा मिळणार असलेली भरपाई घेता किंवा ठेवता येत नाही. मात्र याचा अर्थ सगळेच हक्क आपोआप संपतात असा नाही. टेन्सफेल्ट प्रकरणात १९९८ मध्ये अपील न्यायालयाने स्पष्ट केले की, इजा खरोखर झालेली असेल, खोट्या विधानावर न बेतलेला ठोस वैद्यकीय पुरावा असेल आणि कर्मचाऱ्याची विश्वासार्हता पार धुळीला मिळालेली नसेल, तर उरलेली भरपाई मिळू शकते. हा न्याय्य निर्णय आहे असे मला वाटते, कारण शिक्षा खोटेपणाची व्हावी, मोडलेल्या हाडाची नाही. तरीही त्या तिसऱ्या अटीकडे दुर्लक्ष करू नये. वेदना किती आहेत हे बरेचदा केवळ कर्मचाऱ्याच्या शब्दावर ठरते, आणि एकदा खोटे पकडले गेले की त्या शब्दाला न्यायाधीशापुढे वजन उरत नाही.

फसवणूक फक्त कामगारच करतात हा समज खोटा आहे, आणि रकमा पाहिल्या तर तो अन्यायकारकही आहे. लाँग बीच येथील पॅसिफिक हॉस्पिटलचे मालक मायकेल ड्रोबॉट यांनी मणक्याच्या शस्त्रक्रियांसाठी रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांना लाच दिल्याचे २०१४ मध्ये कबूल केले. त्या व्यवहारांतील बिले ५० कोटी डॉलरच्या वर होती, आणि २०१८ मध्ये त्यांना ६३ महिन्यांची कैद झाली. हप्ता वाचवण्यासाठी पगाराचे आकडे कमी दाखवणारा मालकही गुन्हेगार ठरतो, आणि मुळात विमाच न उतरवणाराही. दावा करू नये म्हणून कर्मचाऱ्याला त्याच्या हक्कांविषयी जाणूनबुजून खोटे सांगणे हेही कलम १८७१.४ खालीच येते. दावा केला म्हणून कामावरून काढले, तर श्रम संहितेच्या कलम १३२अ खाली पुन्हा कामावर घेणे आणि बुडालेला पगार देणे यांसाठी दाद मागता येते.

अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांसाठी आणखी एक गंभीर बाब आहे. फसवणुकीच्या गुन्ह्यात समोरच्याचे नुकसान १०,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर केंद्रीय स्थलांतर कायद्यात तो अतिगंभीर गुन्हा मानला जातो आणि ग्रीन कार्ड असलेल्या व्यक्तीलाही देशाबाहेर काढले जाऊ शकते. म्हणून तपास अधिकाऱ्याचे पत्र किंवा फोन आल्यास भरपाईचा दावा पाहणाऱ्या वकिलावरच विसंबू नये. जबाब देण्याआधी फौजदारी वकिलाला भेटावे, आणि गुन्हा कबूल करून तडजोड करण्याचा प्रस्ताव आला, तर व्हिसावर होणारा परिणाम स्थलांतर कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय सही करू नये. दावा नुकताच सुरू झाला असेल आणि आधी दिलेली माहिती अपुरी होती असे लक्षात आले असेल, तर वकिलाच्या सल्ल्याने ती लेखी दुरुस्त करावी. फॉर्म भरण्याविषयीचे साधे प्रश्न राज्याच्या कामगार भरपाई विभागातील माहिती व साहाय्य अधिकाऱ्यांना विनामूल्य विचारता येतात.