एव्हरग्लेड्समधील हिवाळी खाडीमासेमारी

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला, एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानातील खाड्या, उथळ उपसागर आणि खारफुटीतल्या नद्यांमध्ये साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात चालणारी गळाची हौशी मासेमारी. भर समुद्राकडे पाठ फिरवून आत शिरायचे, म्हणून गरवणारे या पाण्याला ‘बॅककंट्री’ म्हणतात. उद्यान १९४७ साली सुरू झाले. १९८५ अखेर तिथली व्यावसायिक मासेमारी थांबली. धंद्याची जाळी गेली, गळ राहिले. फ्लमिंगो आणि चोकोलोस्की ही होड्या सुटण्याची मुख्य ठाणी.

हिवाळा इथे कोरडा ऋतू. डास कमी, पाणी उतरलेले. सारा खेळ मात्र उत्तरेकडून येणाऱ्या थंडीच्या लाटांचा असतो. लाट येण्याआधी दक्षिणेचा उबदार वारा सुटतो, हवेचा दाब पडतो आणि मासे अधाशासारखे खातात. मग वारा फिरून उत्तरेचा होतो, आकाश निरभ्र होते आणि दोन-तीन दिवस गळाला कोणी तोंड लावत नाही. फ्लोरिडा बे या दक्षिणेकडच्या उथळ उपसागराच्या आतल्या भागात भरती-ओहोटी जवळपास नसतेच. पाणी चढते-उतरते ते वाऱ्याने. उत्तरेचा वारा पाणी बाहेर लोटतो, चिखलाचे बांध उघडे पडतात आणि बेसावध होडी तिथेच रुतून बसते. भरतीच्या तक्त्यावर विसंबणारा इथे हमखास फसतो.

सर्वांत मानाचा मासा स्नूक. तोंडवळ्याने तो आपल्या जिताड्याचा भाऊबंद वाटतो, आणि जिताड्यासारखाच आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास आले की तो सुस्तावतो. १० अंशांच्या जवळ ते काही दिवस टिकले तर मरतो. म्हणून थंडीत तो नद्यांची खोल वळणे धरतो आणि दुपारी उन्हाने तापलेल्या काळ्या चिखलाच्या उथळ काठाला येऊन पडतो. तेव्हा पहाटे उठून धावण्यात अर्थ नसतो. खरी वेळ दुपारची. रेडफिश आणि ठिपकेवाला सीट्राउट हे दोघे आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातले आणि थंडीला पुष्कळ काटक. रेडफिश गुडघाभर पाण्यात डोके चिखलात खुपसून खेकडे उकरतो, तेव्हा काळा डाग असलेली त्याची शेपटी पाण्याबाहेर हलताना दिसते. त्या शेपटीच्या पुढे हातभर अंतरावर आमिष पडायला हवे. डोक्यावर पडले तर मासा गेलाच.

थंडीत छोटी चाऱ्याची मासळी दुर्मीळ होते, त्यामुळे जिवंत कोळंबीचे मोल वाढते. ती जड डोक्याच्या गळावर किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली लावतात. बुचाला झटका दिला की ‘बुडुक’ असा आवाज येतो. कोणीतरी खाते आहे असे वाटून सीट्राउट धावतो. गवत, कालवांचे थर आणि कांदळाची मुळे टाळत आमिष सावकाश, अगदी कंटाळा येईल इतके सावकाश ओढावे लागते.

जानेवारी २०१० मध्ये थंडी सलग बारा-एक दिवस टिकली. स्नूक मोठ्या संख्येने मेले आणि मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला पकडलेला स्नूक ठेवून घेण्यावर सप्टेंबर २०१३ पर्यंत बंदी राहिली. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ एरवीही बंदीचाच, त्यामुळे हिवाळ्यात गळाला लागलेला स्नूक पाण्यात परत सोडावा लागतो. हंगाम खुला असतानाही साधारण ७१ ते ८४ सेंटिमीटर लांबीचा एकच मासा दिवसाला ठेवता येतो. त्याहून मोठे बहुधा माद्याच असल्याने तेही सुटतात.

होड्या चपट्या तळाच्या असतात. इंजिनच्या पंख्याने समुद्री गवत खरवडले की पांढरट चर वर्षानुवर्षे दिसत राहतात, म्हणून फ्लमिंगोजवळच्या स्नेक बाइट या खाडीच्या उथळ पाण्यात इंजिन वर उचलून लांब काठीने होडी रेटावी लागते किंवा छोटी विजेची मोटर वापरावी लागते.