स्वयंभू मूळ संख्या

स्वयंभू मूळ संख्या : दशमान पद्धतीत जिला एकही ‘जनक’ नाही अशी मूळ संख्या. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते. १२२ मध्ये १+२+२ = ५ मिळवून १२७ येते, म्हणून १२२ ही १२७ ची जनक. १०१ ला ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. ३, ५, ७, ३१, ५३, ९७ यांना मात्र एकही नाही. मूळपणा लेखनपद्धतीवर अवलंबून नसतो, स्वयंभूपणा असतो. संख्या दुसऱ्या पायात, म्हणजे दहाऐवजी दोन किंवा आठ यांसारख्या आधारावर, लिहिली तर तो नाहीसा होऊ शकतो.

ही कल्पना द. रा. कापरेकर (१९०५–८६) यांची. नाशिक रोडच्या शेजारच्या देवळाली या छावणीच्या गावात ते १९३० ते १९६२ शाळाशिक्षक होते. कल्पनेचा काळ सामान्यतः १९४९ च्या सुमाराचा मानतात. पुढे १९७० च्या दशकात जनक नसलेल्या याच संख्या (मूळ असोत वा नसोत) ‘कोलंबियन’ या नावाने पुन्हा चर्चेत आल्या आणि काही लेखनात तेच नाव टिकले. कापरेकरांचे काम आधीचे असल्याने ‘देवळाली संख्या’ हे नाव अधिक न्याय्य ठरते. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या म्हणजे १, बारा शून्ये आणि पुन्हा १. तिचे जनक ९९९९९९९९९९८९२, ९९९९९९९९९९९०१ आणि १०००००००००००००.

मोठ्या संख्यांत मर्सेन मूळ संख्या, म्हणजे २ चा मूळ संख्येइतका घात उणे १ या रूपाच्या, विशेष तपासल्या गेल्या. त्यांपैकी ३, ७, ३१ स्वयंभू. १२७ व ८१९१ नाहीत. ऑयलर यांनी १७७२ मध्ये मूळ ठरवलेल्या २१४७४८३६४७ लाही जनक आहे : २१४७४८३६०६, ज्याच्या अंकांची बेरीज ४१.

२ चा २,४०,३६,५८३ वा घात उणे १ ही संख्या मे २००४ मध्ये जॉश फिंडले यांच्या संगणकावर सापडली. तिच्यात ७२,३५,७३३ अंक असून एककस्थानी ७ आहे. शोधाच्या वेळी ती ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. ती स्वयंभूही असल्याचे ल्यूक पेबॉडी यांनी २००६ मध्ये दाखवले.

एवढ्या संख्येचा जनक शोधणे अशक्य वाटते, पण काम आश्चर्यकारक रीतीने आटोपशीर होते. जनकाच्या अंकांची बेरीज फार तर ७२,३५,७३३ × ९ = ६,५१,२१,५९७ होईल. त्यामुळे जनक आणि संख्या यांत फरक पडतो तो मुख्यतः शेवटच्या आठ अंकांत. डावीकडचे अंक, उसना घ्यावा लागला तर तेवढा बदल सोडून, तेच राहतात. म्हणून बेरजेचा मोठा भाग आधीच ठरलेला असतो आणि उरलेल्या आठ अंकांची भर ० ते ७२ एवढीच असते. शिवाय ही संख्या नवाने भागल्यास बाकी १ उरते. जनक आणि त्याच्या अंकांची बेरीज यांची नवाने भागल्यावरची बाकी एकच असल्याने ती बाकी ५ असायला हवी (५+५ = १०, आणि १० ची बाकी १). असे गाळता गाळता साधारणतः आठ-नऊ उमेदवार उरतात. प्रत्येक उमेदवार घेऊन अंकांची बेरीज करून पाहायची. खरा कष्टाचा भाग म्हणजे द्विमान (० व १ या दोनच अंकांच्या) रूपातून बहात्तर लाखांवर दशमान अंक काढून त्यांची अचूक बेरीज करणे.