व्हिएतनाम युद्धस्मारकावरील स्मृतिवस्तूंचा संग्रह

वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या भिंतीपाशी लोक ज्या वस्तू ठेवून जातात, त्या उचलून, नोंदवून जतन केल्याने तयार झालेला संग्रह. राष्ट्रीय उद्याने व स्मारके सांभाळणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे त्याची देखभाल आहे. वस्तूंची संख्या ४ लाखांवर गेली आहे.

स्मारकाचे लोकार्पण १३ नोव्हेंबर १९८२ रोजी झाले. आराखडा माया लिन यांचा. १,४२१ प्रवेशिकांतून तो निवडला गेला, तेव्हा त्या येल विद्यापीठात शिकत होत्या. भिंतीचा आरशासारखा काळा ग्रॅनाइट बंगळूरहून गेलेला आहे. (कॅनडा आणि स्वीडनच्या दगडाचाही विचार झाला होता, पण सक्तीची लष्करभरती टाळणाऱ्या तरुणांनी त्याच देशांत आसरा घेतला होता, म्हणून तो नको झाला, असे सांगतात.) दगडावर ५८ हजारांहून अधिक मृत व बेपत्ता सैनिकांची नावे कोरलेली आहेत.

येथे काही ठेवावे अशी योजना कोणाचीच नव्हती. बांधकाम चालू असतानाच एका नौदल अधिकाऱ्याने आपल्या मृत भावाचे पर्पल हार्ट (युद्धात जखमी वा मृत झालेल्या सैनिकाला मिळणारे) पदक पायाच्या ओल्या काँक्रीटमध्ये टाकले, ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. पुढे पत्रे, छायाचित्रे, लष्करी बूट, गळ्यातले ओळखबिल्ले, टेडी बेअर, बिअरचे डबे, सिगारेटी असे काय काय येऊ लागले. रेंजर (पार्क सर्व्हिसचे कर्मचारी) सुरुवातीला हे सामान हरवले-सापडले म्हणूनच बाजूला ठेवत. कोणी परत न्यायला येणार नाही हे लक्षात आल्यावर त्याचा रीतसर संग्रह झाला. त्याचे संग्रहपाल म्हणून दीर्घकाळ काम केलेले ड्युरी फेल्टन स्वतः या युद्धात लढलेले होते. सैनिकी सामान ओळखायला त्यांचा हा अनुभव फार उपयोगी पडला.

फुले, रोपे आणि काही न लिहिलेले साधे ध्वज संग्रहात घेत नाहीत. बाकीचे उचलताना वस्तू कोणत्या दिवशी आणि भिंतीच्या कोणत्या पॅनेलपुढे (नावे कोरलेल्या दगडी फळीपुढे) मिळाली, हे टिपून ठेवतात. ही नोंद वरवर कारकुनी वाटते, पण संग्रहाचा सगळा जीव तिच्यात आहे. भिंतीवरची नावे अकारविल्हे नसून मृत्यूच्या क्रमाने आहेत. एका चकमकीत पडलेले सोबती दगडावरही शेजारी-शेजारी येतात. त्यामुळे निनावी बुटांचा जोड कोणत्या पॅनेलपाशी होता एवढे कळले, तरी युद्धाचा कोणता काळ शोधायचा हे ठरते. पॅनेलची नोंद हुकली, तर उरतात ते नुसते जुने बूट.

कोणत्याही संग्रहालयात काय घ्यायचे हे जाणकार ठरवतात. इथे ते देणाऱ्यांनी ठरवले, आणि बहुतेकांनी कारण सांगितले नाही. जतनाच्या दृष्टीने ही डोकेदुखीच आहे. पावसात भिजलेल्या पत्राची शाई पसरलेली असते, खाद्यपदार्थांना बुरशी व कीड लागते, आणि कागद, चामडे, धातू यांना हवेतला ओलावा वेगवेगळ्या प्रमाणात लागतो. शिवाय वस्तू लहानच असेल असेही नाही: विस्कॉन्सिनच्या माजी सैनिकांनी १९९५ मध्ये चक्क एक हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकल आणून ठेवली, आपल्या राज्यातल्या बेपत्ता सैनिकांसाठी.

सगळ्या वस्तू श्रद्धांजलीच्याच नसतात. सैन्यातील माजी पाद्री चार्ल्स लिटेकी यांनी १९८६ मध्ये आपले मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च शौर्यपदक मध्य अमेरिकेतील अमेरिकी धोरणाच्या निषेधार्थ इथे ठेवले. १९८९ मध्ये एका माजी सैनिकाने छोटासा फोटो आणि पत्र ठेवले. फोटोत त्याच्या गोळीने मेलेला व्हिएतनामी सैनिक आणि एक लहान मुलगी होती. पत्र त्या मृत सैनिकालाच लिहिलेले होते. पुढे तो फोटो त्याला परत देण्यात आला आणि २००० मध्ये त्याने व्हिएतनामला जाऊन तो त्या मुलीच्या, म्हणजे आता प्रौढ झालेल्या बाईंच्या, हाती दिला. संग्रहात आलेली वस्तू बाहेर जाणे नियमाला धरून नसेल, पण या बाबतीत ते योग्यच झाले.

१९९२ मध्ये स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात निवडक वस्तूंचे प्रदर्शन भरले. बाकी संग्रह मेरीलँडमधील साठवणकेंद्रात असतो. भिंतीजवळ जमिनीखाली शिक्षणकेंद्र बांधून तिथे यातील काही वस्तू मांडायचा बेत होता. अमेरिकी काँग्रेसने २००३ मध्ये त्याला मंजुरीही दिली होती, परंतु २०१८ मध्ये तो सोडून देण्यात आला.